गोधडीची हजेरी

कोरेबाईंनी त्या वर्षी हजेरी विचारली चार जानेवारीला. तरबचं उत्तर आलं होतं दोन जानेवारीला.

कस्तुरीने तारखा पुन्हा बघितल्या. मग चहाचा कप बाजूला सरकवून तिसऱ्यांदा बघितल्या. प्रश्न चार तारखेचा, उत्तर दोन तारखेचं, सकाळी दहा वाजून सात मिनिटांनी. उत्तर नेहमीचंच, एका शब्दाचं : 'आहे.'

"आयला," ती स्क्रीनला म्हणाली, "विचारायच्या आधीच हजर?"

ही काच भाजायच्या वर्षाची गोष्ट. आज कुठल्याही गावात जा, शाळेत, ग्रामपंचायतीत, आरोग्य उपकेंद्रात काचपाटी दिसतेच, आणि ती आली कुठून हे विचारायचं कुणाला सुचत नाही. तेव्हा ती अजून निघायची होती. कस्तुरी डिकोळे सतरा वर्षांची होती, नववीतून शाळा सोडलेली. गोधडीतली साठ-सत्तरीची माणसंसुद्धा तिच्या तोंडी लागत नसत.

गोधडी म्हणजे काय ते आधी सांगायला पाहिजे. कंप्युटर चालू केल्यापासून बंद करेपर्यंत त्याला शेकडो बारीकसारीक प्रोग्रॅम लागतात. घड्याळाचा वेगळा, छपाईचा वेगळा, अक्षरांचा वेगळा, आवाजाचा वेगळा. गोधडीत हे सगळे वेगवेगळ्या माणसांनी फुकट लिहून दिलेले, कुणीही उघडून बघावेत असे. म्हणून त्यांना तुकडे म्हणायचे, आणि सगळे मिळून जी ऑपरेटिंग सिस्टिम व्हायची ती गोधडी. एक तुकडा अकलूजचा, एक बेळगावचा, एक मस्कतला नोकरीला गेलेल्या कुणाचा. जो तुकडा सांभाळायचा तो त्याचा पालक. पालक एकमेकांना क्वचितच भेटलेले असत. म्हणून वर्षातून एकदा हजेरी. एक जानेवारीला कोरेबाई सगळ्यांना मेल टाकायच्या, 'आहात का?' आणि आठ दिवसांत उत्तर आलं नाही तर तो तुकडा बेवारस. त्याला कात्री.

उत्तरंही एकेक नमुनेदार यायची. 'आहे बाई.' 'आहे, गुडघा सोडून.' 'आहे, पण बायकोला सांगू नका.' ती वाचत बसण्यात जानेवारीचा पहिला आठवडा कसा जायचा कळायचं नाही.

कोरेबाई म्हणजे कुर्डुवाडी स्टेशनवर तीस वर्षं गाड्या पुकारलेल्या बाई. मशीनचा आवाज आला आणि बाईंचा माईक काढून घेतला. घरी बसून करायचं काय म्हणून त्या कंप्युटर शिकल्या आणि गोधडीत शिरल्या. कस्तुरी त्यांच्या शेजारच्या चाळीत राहायची. बाप क्रेनवर, आज गुजरातला तर उद्या ओडिशाला. प्रगतिपुस्तकावर बापाची सही तीच करायची. नववीत ते सापडलं. वर्गबाई म्हणाल्या, "पालकांना घेऊन ये." ती म्हणाली, "कुठून आणू?" आवाज चढला, दप्तर बाकावरच राहिलं, आणि ती जी बाहेर पडली ती परत गेली नाही. मग पार्लरचा कोर्स तीन आठवडे. मोबाईलचं दुकान दोन महिने. बेकरी अकरा दिवस. तिचं बूड कुठं टेकत नव्हतं. कोरेबाईंनी तिला आपल्या जुन्या मशीनसमोर बसवलं आणि म्हणाल्या, "चुका काढायची तुला फार हौस ना? काढ."

तिथं मात्र ती टिकली. तीन वर्षांत ती गोधडीची तपासणारी झाली, म्हणजे कात्री तिच्याच हातात. स्वतः तिने एकही तुकडा घेतला नव्हता. कुणी विचारलं की म्हणायची, "मला बांधून घ्यायला आवडत नाही."

आणि त्या वर्षी कात्रीला फार मोल आलं होतं, कारण काच.

साध्या मेमरीत माहिती विजेच्या रूपात साठवलेली असते, आणि ती वीज पाझरणाऱ्या माठातल्या पाण्यासारखी हळूहळू गळते. दहा-पंधरा वर्षांत अक्षरं पुसट. काचेचं तसं नाही. लेझरचा इतका छोटा झटका द्यायचा की काचेला तापायलाही सवड मिळत नाही. आत एक बारीक टिंब कोरलं जातं. टिंब कुठल्या बाजूला कललंय, केवढं आहे, यात माहिती असते. असे थरावर थर. मग ती काच पाण्यात टाका, उन्हात ठेवा, हजार वर्षं पेटीत विसरून जा. हे सगळं शास्त्रज्ञांना आधीपासून माहीत होतं. नवीन झालं ते एवढंच, की ती टिंबं वाचणारा डोळा नखाएवढा आणि स्वस्त झाला, आणि कंप्युटर थेट काचेवरून चालायला लागला. काचेवर लिहिण्याला गोधडीत 'भाजणं' म्हणायचे. भाजलेल्या मडक्याची पुन्हा माती होत नाही, तसं.

त्याच्या तीनच वर्षं आधी कुलूप-वर्ष होऊन गेलं होतं. एका मोठ्या कंपनीने एका सकाळी अपडेट पाठवलं आणि निम्म्या तालुक्यांमधली मशीनं बंद पडली. दाखले नाहीत, औषधांच्या याद्या नाहीत, काही नाही, तीन आठवडे. त्यामुळे कुणाला बाहेरून हातच लावता येणार नाही अशी काचपाटी सगळ्यांना हवी होती. चार जिल्ह्यांच्या सहकारी संघाने गोधडीला सांगितलं : चाळीस हजार पाट्या, वीस जानेवारीला भाजणार, पन्नास वर्षं चालल्या पाहिजेत.

काचेत जागा मुबलक. अडचण माणसांची होती. भाजलेल्या काचेतली चूक पुसता येत नाही, तिच्यावर ठिगळ लावायचं. त्यासाठी पाटीत साध्या मेमरीचा एक छोटा खिसा होता. पण ठिगळ लावायला कुणीतरी जिवंत पाहिजे, आज ना उद्या विचारलेल्याला उत्तर देणारं. म्हणून नियम झाला : पालक नसलेला तुकडा काचेत नाही, आणि एका माणसाकडे पाचाच्या वर तुकडे नाहीत. सूट एकट्या 'तरब' या टोपणनावाने लिहिणाऱ्या पालकाला. त्याचे तेवीस होते, आणि कधी एक तक्रार नव्हती.

हजेरीचा नियम कडक पाळायचा असं भांडून ठरवलं होतं कस्तुरीनेच. आदल्या वर्षी अकलूजचे अंबादास येवले खुबा मोडून दवाखान्यात होते. त्यांचं 'आहे' नवव्या दिवशी आलं. त्यांचा तुकडा होता 'पावकी', पाव, अर्धा, पाऊण यांचे जुने पाढे शिकवणारा. त्यांनी तो आपल्या मास्तरकीच्या पहिल्या वर्गासाठी लिहिला होता. कस्तुरीने तो कापला. अंबादासराव फोनवर म्हणाले होते, "बरोबर आहे पोरी, नियम म्हणजे नियम." त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं.

तर दोन जानेवारी, दहा वाजून सात.

कोरेबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन एकतीस डिसेंबरला झालं होतं, म्हणून हजेरी तीन दिवस उशिरा गेली. एरवी एक तारखेला प्रश्न आणि दोन तारखेला तरबचं उत्तर, त्यामुळे तो सगळ्यात वक्तशीर पालक समजला जायचा. बाई इतरांना त्याचं उदाहरण द्यायच्या. कस्तुरीने मागची नऊ वर्षं काढून बघितली. दोन जानेवारी, दहा वाजून सात मिनिटं, शून्य सेकंद. नऊच्या नऊ वेळा.

ती तशीच पायांत चप्पल न घालता बाईंकडे गेली.

"बाई, तुमचा आदर्श विद्यार्थी माणूस नाहीये. मशीन आहे."

काळा चष्मा लावून बाई तूर निवडायला बसल्या होत्या. ऐकून झाल्यावर म्हणाल्या, "म्हणजे हजेरीला स्क्रिप्ट लावलीय त्याने."

"लावली असणार. दोनदा केलेलं काम तिसऱ्यांदा हाताने करायचं नाही ही आपल्या लोकांची खोडच ना. पण माणूस आहे का मागे?"

"आणि नसला तर?"

काय होईल ते दोघींनाही माहीत होतं. तरबचा एक तुकडा होता 'खुंटी'. कंप्युटरचं घड्याळ पुढे-मागे सरकलं की ते हळूहळू जागेवर आणायचा. तीनशे तुकडे त्या खुंटीला टांगलेले होते. 'घोडी' वीस-वीस वर्षांपूर्वीच्या प्रिंटरांना नव्या मशीनशी जोडायची; अर्ध्या ग्रामपंचायती तिच्यावर दाखले छापायच्या. तरब नाही म्हटलं तर तेवीस तुकडे बेवारस, आणि भाजायला पंधरा दिवस.

"मी तीस वर्षं गाड्या पुकारल्या," बाई म्हणाल्या. "गाडीत कोण बसलंय ते बघायला कधी गेले नाही. तू जा. मेल करू नको, त्याला पुन्हा मशीनच उत्तर देईल. बघून ये, आणि कात्री तुझ्याकडेय, काय ते तू ठरव."

बाईंना न सांगितलेली एक गोष्ट होती. कस्तुरी जे काही शिकली होती ते तरबकडून. तो प्रोग्रॅमच्या ओळींमध्ये टिपणं लिहून ठेवायचा, आणि त्या टिपणांतून ती शिकली. 'इथून पुढे घाई करू नये. मी केली, दोन दिवस गेले.' 'हे असं का, ते खाली वीस ओळींवर कळेल. धीर धरा.' 'वाचणारे जे कोणी असाल, आधी चहा पिऊन या.' शाळेत तिला असं कुणी सांगितलं नव्हतं. चौदाव्या वर्षी तिने त्याला मेल केला होता, मला तुमच्यासारखं लिहायला शिकायचंय. उत्तर नाही. दुसरा केला. नाही. तिसरा केला : 'एवढे मोठे झालात होय, की दोन ओळी जड झाल्या?' त्यालाही नाही. तेव्हापासून तिच्या मनात त्याच्याबद्दल अढी होती. टिपणं मात्र ती वाचत राहिली.

पत्ता खुंटीच्या पहिल्याच फाइलमध्ये होता. 'तक्रार असेल तर समक्ष या. मिरज, दर्ग्यामागची गल्ली, निळं दार. शिकलगार म्हणून विचारा.' इतक्या वर्षांत कुणी गेलं नव्हतं, कारण कुणाची तक्रारच नव्हती.

मिरजेच्या पॅसेंजरला ती नऊ तारखेला सकाळी बसली. सांगोला गेलं, ढालगाव गेलं, कवठेमहांकाळच्या पुढे द्राक्षांचे मांडव लागले. वाटभर ती भांडणाची तयारी करत होती. पहिलं वाक्य ठरलं होतं : 'नमस्कार, मी ती तीन मेलवाली.'

निळं दार उघडलं एका सत्तरीच्या बाईंनी. डोक्यावर पदर, हातात भिंगाचा चष्मा.

"शिकलगार इथंच राहतात का? कंप्युटरवाले?"

"यासीनमियाँ? राहत होते की." त्या बाजूला झाल्या. "ये आत. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली, बेटा."

कस्तुरीचं भांडण दारातच उभं राहिलं. मग नको तिथून बाहेर पडलं.

"सहा वर्षं! आणि कुणी एक कळवलं नाही? आम्ही तिकडं दरवर्षी त्यांची हजेरी लावतोय! एक मेल टाकता आला नसता?"

"कसा टाकू? पासवर्ड त्यांच्या डोक्यात." बाईंनी अगदी सहज सांगितलं, आणि मग विचारलं, "लांबून आलीस का? जेवलीस?"

त्यांचं नाव शमशाद. खोली लांबट होती. आढ्याला दोरीने एकच वाळका भोपळा टांगलेला. पूर्वी चाळीस असायचे, त्या म्हणाल्या. यासीनमियाँ सतार आणि तंबोरे करायचे. मशीनवर तयार होणारी वाद्यं आली आणि गल्ली रिकामी झाली. त्यांनी कंप्युटर शिकून घेतला, पण तुकड्यांना नावं वाद्याच्या भागांचीच दिली. खुंटी, घोडी, पडदा, भोपळा. गोधडीत सगळ्यांना ती नावं विचित्र वाटायची. कस्तुरीला आज पहिल्यांदा ती एका जागी टांगलेली दिसली.

"आणि तरब म्हणजे?"

"सतारीला वरच्या तारा असतात त्या छेडतात. खाली बारीक तारा असतात, त्यांना कुणी हात लावत नाही. वरची वाजली की त्या आपोआप वाजतात. ती तरब. ते म्हणायचे, आपलं काम तसलं. दिसू नये, गुंजत राहावं."

कपाटावर एक जुना डबा होता. हिरवा दिवा लुकलुकत होता.

"हा बंद करू नको म्हणून सांगून गेले. म्हणाले, माझी हजेरी असते, मी विसरतो, एकदा विसरलो तर तीन तुकडे कापले त्या बाईंनी. म्हणून यालाच सांगून ठेवलंय. मी दर शुक्रवारी पुसते. लाईट गेली की जीव नुसता वरखाली होतो, बॅटरी जुनी झालीय. तुमचं काम अडायला नको म्हणून जपते हो."

सहा वर्षं ही बाई एक हजेरी पुसून ठेवत होती. यासीनमियाँ गेले तेव्हा कस्तुरी अकरा वर्षांची होती, शाळेत होती. ज्या माणसावर ती तीन वर्षं चिडून होती, तो तिने पहिला मेल लिहिण्याआधीच गेलेला होता. तिचे तिन्ही मेल त्या डब्यात न उघडता पडले असणार.

"चाची," ती शेवटी म्हणाली, "हे खरं सांगितलं तर त्यांचे तुकडे जातील. नाही सांगितलं तर राहतील."

शमशादचाचींनी बराच वेळ चष्मा पुसला. "सगळ्यांचं मला कळत नाही. पण जवारीचं तेवढं ठेवाल ना?"

'जवारी' कस्तुरीला चांगला माहीत होता. तो तंबोऱ्याचा आवाज ऐकून सांगायचा, तारा ज्या पट्टीवर टेकतात त्या घोडीवर तार बरोबर बसलीय की नाही. सगळ्या गोधडीत सगळ्यात जड तुकडा. आत तंबोऱ्याचे शेकडो आवाज भरलेले. वापरणारी माणसं हातावर मोजण्याइतकी.

खोलीच्या कोपऱ्यात एक तंबोरा गवसणीत होता. चाचींनी तो काढला, तार छेडली. बोदा आवाज आला. मग त्यांनी तारेखाली सुताचा बारीक धागा सरकवला, पुन्हा छेडली. कस्तुरीने आपल्या मशीनवर जवारी चालू केला होता. पडद्यावरची रेघ लालच होती.

"अजून केसभर पुढे," चाची स्वतःशी म्हणाल्या आणि धागा हलवला. आवाज एकदम उघडला, खोलीभर पसरला. "हं, आता."

तेव्हा कुठे रेघ हिरवी झाली. पण कस्तुरी रेघेकडे बघत नव्हती. ते 'हं, आता' तिने शंभरदा ऐकलं होतं. जवारीची तपासणी करताना प्रत्येक आवाजाच्या शेवटी एक बाई तेवढंच म्हणायची.

"तुम्ही आहात त्यात!"

"मग? ते हाताचे कारागीर. कान माझे. ते धागा सरकवायचे, मी सांगायची. दोन पावसाळे बसलो होतो आम्ही त्या आवाजांना." चाची हसल्या. "सारखे भांडायचो. खर्जाच्या तारेला तुझं मशीन चुकतं म्हणायची मी. त्यांनी ऐकलं नाही."

निघताना कस्तुरी म्हणाली, "तो डबा आता बंद केला तरी चालेल, चाची."

"बघू," त्या म्हणाल्या.

अठरा तारखेला, रविवारी सकाळी, कुर्डुवाडीच्या रेल्वे इन्स्टिट्यूटच्या हॉलमध्ये शेवटची यादी वाचायची होती. कॅरमबोर्ड भिंतीला टेकवून जागा केली होती. वीसेक माणसं आली होती, बाकीची पडद्यावर. अंबादासराव काठी टेकत अकलूजहून आले होते. तुकडा नसला तरी बैठक त्यांनी कधी चुकवली नाही. कोरेबाईंना संघाने माईक दिला होता. पहिलं नाव घेतलं आणि सगळे शांत झाले. इतक्या वर्षांनी तोच गाड्या पुकारायचा आवाज, संथ, प्रत्येक अक्षर वेगळं. मागच्या बाकावरचा एक रिटायर्ड गार्ड उगाचच सरळ होऊन बसला.

बाई तुकडा वाचायच्या, पालकाचं नाव घ्यायच्या, माणूस म्हणायचा 'आहे'. शंभर झाले. दोनशे झाले.

"खुंटी. पालक, तरब. मेलवर हजर—"

"नाही," कस्तुरी उभी राहिली. "हजर नाहीये. सहा वर्षांपूर्वी गेलेत. त्यांचं मशीन उत्तर देतंय."

एकच गलका झाला. तिने डब्याचं, तारखांचं, सगळं सांगितलं. पडद्यावरून मस्कतचा जोशी म्हणाला, "अगं पण तुकडे चालतायत ना? एक तक्रार नाही. माणूस गेला म्हणून घड्याळ बंद पाडायचं का? लिहा की तरब म्हणून. काचेला काय कळतंय?"

"काचेला नाही कळत. पण तीस वर्षांनी कुठल्यातरी उपकेंद्रातल्या नर्सबाईचं घड्याळ चुकेल. औषधाची वेळ चुकेल. ती पालकाला मेल करेल." कस्तुरीचा आवाज चढला होता. "आणि तिला उत्तर मिळेल, दोन जानेवारीला, 'आहे'. मी केलेत तीन मेल त्यांना. मला माहितीये कसं वाटतं."

"गेल्या वर्षी अंबादासरावांचा एका दिवसासाठी कापलास," मागून कुणीतरी म्हणालं. "आता तेवीस काप. बघू हात चालतो का."

"कापला," ती म्हणाली. "यांचेही कापायला लागतील. कुणी घेतले नाहीत तर."

माणसं खाली मान घालून यादीत बघायला लागली. पन्नास वर्षांची गोष्ट होती. मग काठी आपटल्याचा आवाज आला.

"घोडी माझ्याकडे लिहा," अंबादासराव म्हणाले. "आमच्या पंचायतीचा प्रिंटर माझ्या वयाचाय, त्याच्याशी माझं जमतं. आणखी चार लिहा, कुठलेही. बसून तर असतो."

त्यांनी पावकीचं नावसुद्धा काढलं नाही.

कस्तुरी म्हणाली, "खुंटी मी घेते."

कोरेबाईंनी काळा चष्मा वर केला. "कस्तुरे, पन्नास वर्षांनी सदुसष्टची होशील."

"मोजलंय."

तिने चार घेतले : खुंटी, पडदा, आणि ज्यांत सगळ्यात जास्त टिपणं होती असे दोन. मग हळूहळू इकडून एक हात, तिकडून एक हात. जोशीने दोन घेतले, बडबडत. चार तुकड्यांसाठी कुणीच पुढे आलं नाही, आणि भोपळा त्यांत होता. कस्तुरीने स्वतःच्या हाताने त्यांच्यावर रेघ मारली.

"तुझा पाचवा?" बाईंनी विचारलं.

सगळ्यांना वाटलं जवारी म्हणेल.

"पावकी."

अंबादासराव छताकडे बघायला लागले. मग म्हणाले, "तुला येते का पावकी?"

"नाही."

"बारा पाव?"

तिने बोटांवर मोजलं. "तीन."

"येते की," ते म्हणाले आणि नाक पुसलं.

"जवारी," बाईंनी पुकारलं. "पालक?"

एकही हात वर झाला नाही. तंबोऱ्याचं काम, आणि एवढं जड. कस्तुरीचे पाच भरले होते. तिने खिशातून फोन काढला आणि माईकजवळ धरला. मिरजेची लाइन सकाळपासून चालू होती.

"चाची, ऐकताय ना?"

"ऐकतीय. किती भांडता गं तुम्ही."

हॉल हसला. कोरेबाई नाही हसल्या. त्यांनी नेमाप्रमाणे विचारलं, "तुकडा काय काम करतो?"

"जवारी लागली का नाही ते सांगतो."

"आणि चुकला तर?"

"चुकतो ना. खर्जाच्या तारेला चुकतो. मला विचारायचं, मी सांगीन. लिहायचं ते ही पोरगी लिहील."

"पालकाचं नाव?"

"शमशाद यासीन शिकलगार."

बाईंनी माईक जवळ ओढला. मग फलाटावर दूरवर जावा अशा आवाजात म्हणाल्या, "शमशाद यासीन शिकलगार. आहात का?"

"आहे की."

वीस तारखेला काच भाजली.

त्यानंतर गोधडीत एक नियम वाढला, हजेरी हातानेच द्यायची. तरबचं नाव यादीतून निघालं. तरीही पुढच्या दोन जानेवारीला, दहा वाजून सात मिनिटांनी, मेल आला. 'आहे.' कुणी विचारलं नव्हतं. कस्तुरीने तो पुसला नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही आला, आणि त्याच्याही पुढच्या. शाळेचा वर्ग तिने नववीत सोडला होता. या एका मिनिटासाठी मात्र ती दरवर्षी वेळेवर येऊन बसायची.

अंबादासराव गेले, पण तोवर तिला पाऊणकीपर्यंत तोंडपाठ झाली होती. कोरेबाई गेल्या आणि हजेरी विचारायचं काम तिच्याकडे आलं. मेल टाकताना तिला अजून ते अक्षर अक्षर वेगळं म्हणणं ऐकू येतं.

आणि मग एका वर्षी दहा वाजून सात झाले, आणि काही आलं नाही.

दहा-आठ झाले. दहा-नऊ. खुंटीवर स्वतः लावलेली ठिगळं तिने एकदा तपासली. घड्याळ बरोबर होतं. तिने मिरजेला फोन लावला. रिंग वाजत राहिली. तिने पुन्हा लावला. पायात चप्पल घातली, गाडी किती वाजता आहे ते आठवायला लागली.

"कोण गं?" पलीकडून आवाज आला, धाप लागलेला.

"चाची! मी कस्तुरी. तुमचा डबा—"

"अगं, सकाळधरनं लाईट गेलीय इथं. बॅटरीपण संपली. लागली की करते चालू. एवढी घाबरलीस कशाला?"

"घाबरले कुठं," कस्तुरी म्हणाली आणि खुर्चीत बसली. "हजेरी घेत होते."

"मग लिही की," चाची म्हणाल्या. "आहे."